आपल्या मातीतली सत्यघटना

हे मी इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोच्या शेजारी बसून रोज टीव्ही पाहिला, पण तिलाही नाही. आता सांगायचं ठरवलंय, तर पहिल्यापासून सांगतो. मध्ये अडखळलो तर अडखळू द्या. नावं बदलली आहेत, आणि ती का बदलली तेही पुढे येईलच.

मी ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला आहे. कॉलनीत मात्र मला ओळखतात ते दर शुक्रवारी ग्रुपवर मी जे टाकायचो त्यामुळे. या आठवड्यात घरी बसून काय पाहावं? एक खेळावरची डॉक्युमेंटरी आणि एक गुन्ह्याची मालिका. दोन-चार ओळी लिहायच्या आणि खाली तारे द्यायचे. कोरोनात सगळे घरात अडकले तेव्हा सुरू केलं, मग सुटलंच नाही. शिफ्टवरून येणारी माणसं बसमध्ये विचारायची, "भाऊ, या शुक्रवारी काय?" दवाखान्यात गेलो तर डॉक्टर आधी मालिकेचं विचारायचे, मग तब्येतीचं. मला हे किती आवडत होतं म्हणून सांगू? नोकरीत मला कधी कोणी काही विचारलं नव्हतं.

आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये वंदनाबाई राहायच्या — अजूनही राहतात. कॉलनीच्या दवाखान्यात नर्स. मूळच्या कुरखेड्याकडच्या. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन इकडे आल्या. मुलीचं नाव प्रेरणा. मी सुचवलेल्या एका डॉक्युमेंटरीत खेड्यातल्या कबड्डी खेळणाऱ्या मुली होत्या. ती पाहिली आणि ही पोरगी हट्टाला पेटली, आपणही खेळणार. तिचे काका, गणेशभाऊ, कुरखेड्याला शेती करतात आणि गावातल्या पोरापोरींना कबड्डी शिकवतात. सुट्टी लागली की प्रेरणा तिकडे. धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, पळून पळून तिचे पाय असे तयार झाले होते की बघत राहावं. वंदनाबाई म्हणायच्या, "भाऊ, तुमच्यामुळे माह्या पोरीले खेळ सापडला."

हे खरं होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

एका रविवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या होत्या. टीव्हीवर कसलीशी मालिका चालू होती, नवरा गेलेल्या बाईची. बायको चहा टाकायला आत गेली. वंदनाबाई पडद्याकडेच बघत बोलायला लागल्या. त्यांचा नवरा प्यायचा. एका संध्याकाळी तो झिंगत आला तेव्हा यांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाल्या, "जिथं पिऊन आले तिथंच झोपा." तो मोटरसायकल घेऊन परत फिरला आणि नाल्याच्या पुलावरून गाडीसकट खाली गेला. पोलिसांनी चौकशी केली, अपघात होता, तसंच निघालं. पण ते वाक्य त्यांनी पोलिसांना सांगितलं नव्हतं. शेजारच्या घरातून गणेशभाऊंनी ते ऐकलं होतं. त्यांनी त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. सख्खा भाऊ गेला, तरी वहिनीला एका अक्षरानं बोलले नाहीत.

"तुमाले सांगतलं," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोनाले नाई."

चहा आला. आम्ही तिघं चहा प्यायलो.

त्याच हिवाळ्यात मुंबईहून दोघं जण आले. गुन्ह्याच्या मालिका लिहिणारे. त्यांना जंगलाच्या मुलखातली गोष्ट हवी होती. आमच्या एका इंजिनियरच्या ओळखीतून ते माझ्याकडे आले — हा माणूस सगळं पाहतो, याला सगळं कळतं, असं कोणीतरी सांगितलेलं. मी रजा टाकली. माझ्या गाडीत बसवून त्यांना फिरवलं. घुग्घुसकडे नेलं, कोळशाचे ट्रक दाखवले, रस्त्याकडेची काळी पडलेली झाडं दाखवली. ते फोटो काढत होते. मी बोलत होतो. वाघ झाले, जंगल झालं, खाणी झाल्या. ते सभ्यपणे मान हलवत होते, पण मधूनमधून मोबाइल बघत होते. मला ते दिसत होतं. आपण कंटाळवाणे होतोय हे कळणं फार वाईट असतं, नाही?

मग ढाब्यावर जेवताना मी ती गोष्ट काढली.

नाव घेतलं नाही. एवढं मात्र पाळलं, जणू त्यानं काही वाचणार होतं. कुरखेड्याकडची नर्स, पिणारा नवरा, बंद दार, पूल. ते वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, तिच्या बोलीत, तिच्या आवाजात. दोघांनी मोबाइल खाली ठेवले. त्यातला एक पुढे वाकून म्हणाला, "मग?"

मग काय? मग काहीच नव्हतं. गोष्ट तिथंच संपत होती. पण ते पहिल्यांदाच माझ्याकडे डोळे लावून बसले होते, आणि मी — मी पुढे बोललो. म्हणालो, लोक म्हणतात दवाखान्यातल्या कंपाउंडरशी तिचं काही होतं. म्हणालो, त्या दिवशी नवऱ्याच्या डब्यात गोळ्या घातल्या होत्या म्हणे. कोण लोक म्हणत होते? कोणीच नाही. ना कंपाउंडर होता, ना गोळ्या. मी तिथं बसून, रोटी मोडता मोडता, ते तयार केलं. इतक्या मालिका पाहिल्या होत्या, सुचायला वेळ लागला नाही.

निघताना त्यांनी सांगितलं, शेवटी आभारात तुमचं नाव देऊ.

साधारण वर्षभरानं मालिका आली. मी रजा काढून एका बैठकीत पाहिली. सगळं होतं. नर्स, कंपाउंडर, गोळ्या, पूल. आणि बंद दाराआडून ती नटी म्हणाली, "जिथं पिऊन आले तिथंच झोपा." मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो. मी मांडीवर थाप मारली. शेवटच्या भागानंतर आभाराची यादी थांबवून थांबवून वाचली. माझं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं ते त्याचं.

तरीही शुक्रवारी मी लिहिलं — आपल्या मातीतली सत्यघटना. अजिबात चुकवू नका. पाच तारे दिले.

वंदनाबाई ती पाहतील हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी सुचवलेलं त्या सगळं पाहायच्या. लिहिताना माझा अंगठा क्षणभर थांबला होता, हे मला पक्कं आठवतं. आणि मग मी तो टेकवला.

त्या पाहण्याआधीच कुरखेड्यात लोकांनी पाहिली होती. ही तर आपल्या इथली नर्स, असं सुरू झालं. जुन्या शेजारणींचे फोन यायला लागले. कोणी सरळ विचारायचं, कोणी आडून. तो कंपाउंडर कोण गं? मग वंदनाबाईंनी रात्रपाळी संपवून, न झोपता, सगळे भाग पाहिले आणि वर माझ्याकडे आल्या. ड्युटीच्याच साडीत होत्या. दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे त्यायले कोनं सांगतलं?"

त्यांनी माझ्यावर संशय घेतला नव्हता. त्या मला विचारायला आल्या होत्या, कारण मला मालिकांमधलं कळतं. ही गोष्ट मी स्वतःला हजार वेळा सांगितली आहे — त्या मदत मागायला आल्या होत्या. आणि आभारात नाव नसल्याचं मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं!

मी म्हणालो, "ते वाक्य आणखी कोणाला माहीत होतं?"

त्यांच्या डोळ्यांत नाव आलं ते मला दिसलं. मी ते पुसू शकत होतो. मी म्हणालो, "मुंबईचे लोक गावोगाव फिरतात, बाई. घरातल्याच माणसाकडून काढून घेतात."

त्यांनी तिथूनच फोन लावला. जिन्यात उभं राहून. गणेशभाऊ पलीकडून काही बोलत होते, पण यांनी बोलू दिलं नाही. "भाऊजी, आजपासून तुमाले वहिनी नाई. पोरीले फोन करू नका." बस. मग त्या पायरीवर बसल्या. मी आतून पाणी आणून दिलं. हो, मीच पाणी दिलं.

त्यानंतर प्रेरणा कुरखेड्याला गेली नाही. कबड्डी मात्र सोडली नाही, इथल्या मैदानावर एकटीच सराव करायची. गणेशभाऊ एकदा आले होते. खाली वंदनाबाईंनी त्यांना आत घेतलं नाही. मी वरून आवाज ऐकला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. शुक्रवारच्या शिफारशी चालूच होत्या. जंगलात घडणाऱ्या मालिका तेवढ्या टाळायचो. एवढीच माझी लाज.

मागच्या महिन्यात प्रेरणाची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. पेढे द्यायला वर आली, मागोमाग तिची आई. पोरगी म्हणाली, "आई, काकाले एक फोन करू दे ना. सुरुवात त्यायनंच करून दिली." वंदनाबाई शांतपणे म्हणाल्या, "घरातली गोष्ट बाहेर विकनाऱ्या मानसाले काय सांगाचं?"

पेढा माझ्या तोंडात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकल काढली आणि कुरखेड्याला गेलो. वाटेत परत फिरायचा विचार एकदाही आला नाही, हे सांगून मी मोठा होत नाही. इतकी वर्षं परतच फिरत होतो. गणेशभाऊ बांधावर होते. मी नाव सांगितलं, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ढाबा, कंपाउंडर, जिना. शेवटी त्यांनी विचारलं, "तिले सांगतलं?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो."

"काऊन? माह्यापुढं सोपं वाटलं?"

हो, सोपं वाटलं होतं. ते मला तोवर कळलं नव्हतं. त्यांनी खाली पडलेलं फावडं उचललं आणि कामाला लागले. मी तसाच परत निघालो.

संध्याकाळी वंदनाबाईंच्या दारात उभा राहिलो. प्रेरणा मैदानावर गेली होती. मी सांगितलं. त्यांनी भिंतीला हात टेकवला.

"कंपाउंडरचं?"

"तेही मीच."

"ते काऊन?"

"त्यांनी ऐकत राहावं म्हणून," मी म्हणालो. दुसरं काही नव्हतंच.

त्या म्हणाल्या, "त्या ग्रुपवर लिहा. माह्यं नाव नाई. तुमचं." आणि आत गेल्या.

दोन-तीन दिवसांनी सकाळी खाली गणेशभाऊंची मोटरसायकल उभी दिसली. मी खिडकीतून बाजूला झालो. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी कोणाला विचारलं नाही, विचारणारही नाही.

शुक्रवार आला. नेहमीच्या वेळी मी ग्रुपवर लिहिलं. एका बाईनं विश्वासानं सांगितलेलं मी बाहेर सांगितलं, त्यात घाणेरडं खोटं घातलं, त्याला सत्यघटना म्हणून पाच तारे दिले, आणि आळ दुसऱ्या निर्दोष माणसावर येऊ दिला. खाली माझं पूर्ण नाव. बायकोनं ते तिथंच वाचलं. ती उठून आत गेली.

मग ग्रुपवर पाळीवरून नुकत्याच आलेल्या एकानं, वरवर वाचून असेल, विचारलं, "भारी वाटते भाऊ. कुठं पाहायला मिळेल?"

मी लिहिलं — ही मालिका नाही. हे मी केलं आहे.