खालूंचा उत्तरेकडचा उन्हाळा

आखातातल्या उन्हाला आयुष्यात एकदाही शिवी न दिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरातला निघाला. माझ्या खालाचे, म्हणजे मावशीचे, यजमान, आमचे खालू. पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. कतारच्या मेसईद बंदरात तेव्हा तेलकंपनीचा धक्का, पत्र्याच्या बराकी आणि वाळू याखेरीज काही नव्हतं. जूनमध्ये नळाचं पाणी थेट चहात ओतावं इतकं तापायचं आणि लोखंडी खाटेला हात लावायची सोय नसायची. आम्ही रत्नागिरीकडची पोरं ओल्या चादरी पांघरून बराकीबाहेर पडायचो आणि आम्हाला इथं धाडणाऱ्या एजंटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. खालू मात्र गळ्यात मफलर गुंडाळून, पायांवर कांबळं ओढून शांत बसलेले. “आज तिकडं गारठा आहे,” असं म्हणायचे. तिकडं म्हणजे कॅनडाच्या पार उत्तरेला. नोकरी मेसईदची, जेवण मेसईदचं, पगारही मेसईदचा. हवा तेवढी त्यांनी कॅनडाची घेतली होती.

याला कारण त्यांचा धाकटा भाऊ यासीन. बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला आमच्या खलाशी लोकांत आगवाला म्हणतात आणि इंग्रजीत फायरमन. यासीन आगवाला होता. त्याला बोटीवर चढवलं ते खालूंनीच. आई नको म्हणत होती. शेवटी तिनं एवढंच बजावलं, “नेतोयस तसा आणून सोड.” पुढं उत्तरेकडच्या कुठल्याशा लाकूड चढवायच्या बंदरात यासीन आजारी पडला, इस्पितळात राहिला आणि बोट निघून गेली. बरा होऊन तो कामासाठी बंदराच्या कचेरीत गेला. साहेबानं विचारलं, काय येतं? यासीननं छाती पुढं काढून सांगितलं, फायरमन. आता तिकडं फायरमन म्हणजे आग विझवणारा, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्या उन्हाळ्यात तिथली जंगलं पेटलेली. त्यांनी त्याच्या हातात फावडं दिलं, ट्रकात घातलं आणि वणव्याकडं रवाना केलं. एवढी हकीकत एका टँकरच्या सारंगानं, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यानं, मेसईदला आणून पोचवली, आणि त्यानंतर यासीनचा काही ठावठिकाणा नाही. “जन्मभर आग पेटवली रे त्यानं,” खालू म्हणायचे, “विझवायला कुणी शिकवलंय त्याला?” आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण त्यांच्या रजेची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती दुसऱ्याला देऊन टाकली. यासीनवाचून घरी जायचं नाही, आईला काय तोंड दाखवू, हे त्यांचं ठरलेलं होतं. खाला तिकडं दापोलीजवळच्या गावात सासूला सांभाळत वाट बघत होती.

तिकडची खबर मिळायची ती कंपनीतल्या एका कॅनडियन इंजिनिअरकडून. त्याच्याकडं भला मोठा रेडिओ होता आणि त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी खालू त्याच्या स्वैपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहायचे, “साब, उधर मौसम कैसा?” सुरुवातीला तो ‘फाइन, फाइन’ म्हणून वाटेला लावायचा. खालू हलायचे नाहीत. फाइन म्हणजे काय? ऊन की पाऊस? वारा कुठला? जंगल अजून जळतंय का? मग दुभाषी म्हणून माझी वरात निघायची. हळूहळू साहेबच आमची वाट बघायला लागला. तो सांगायचा, धूर इतका दाटतो की भरदुपारी दिवे लावावे लागतात, कोंबड्या रात्र समजून खुराड्यात जातात. आभाळ गडगडतं, विजा पडतात, पण पाण्याचा थेंब नाही. उलट त्या विजांनीच रान पेटतं. हे ऐकल्यावर खालूंचा जीव फार दुखावला. “म्हणजे वाजतगाजत वरात आली आणि नवरदेवच नाही?” हे इंग्रजीत सांगणं माझ्या बापाला जमलं नसतं. मी साहेबाला एवढंच सांगितलं की यांना वाईट वाटतंय. तो म्हणाला, मलाही.

उन्हाळ्यात कतारला शमाल सुटतो. शमाल म्हणजे उत्तर, आणि उत्तरेकडून येणारा तो धुळीचा वारा. सगळी बराक खिडक्या लावून घ्यायची आणि फटींत फडकी कोंबायची. खालू नेमके तेव्हाच उठून खिडकी उघडायचे. “उत्तरेचा आहे, वास तरी घेऊ द्या.” मी त्यांना एकदा नकाशा दाखवला. मध्ये इराक आहे, रशिया आहे, अख्खा बर्फाचा समुद्र आहे. त्यांनी नकाशा उलटा करून परत दिला. “वाऱ्याला पासपोर्ट लागतो काय?” एका शुक्रवारी दुपारी, सगळे घोरत असताना, ते ताडकन उठले. धूर आहे म्हणाले, आणि लाकडाचाच आहे. आम्हा सगळ्यांना त्यांनी त्या वादळात बाहेर काढलं. नाकातोंडात वाळू, डोळे चोळत आम्ही धुराचा माग काढत निघालो, तर मेसमध्ये भंडाऱ्यानं, म्हणजे आमच्या आचाऱ्यानं, डाळ करपवली होती. पोरांनी खालूंना काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. खालू चुलीपाशी तसेच उभे होते, नाक वर करून. “डाळ आहे, मान्य,” ते म्हणाले, “पण मागं थोडा लाकडाचाही आहे.” मेसची चूल रॉकेलची होती.

त्या काळात रमजान ऐन उन्हाळ्यात यायचा. उत्तरेला उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत उजेड असतो हे साहेबाकडून कळलं मात्र, खालूंच्या डोक्यात नवाच भुंगा शिरला. सूर्य बुडतच नसेल तर यासीन रोजा सोडणार कधी? कंपनीच्या ट्रकातून मला घेऊन ते दोह्याला एका मौलवीसाहेबांकडं गेले. मौलवीसाहेब भले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अशा मुलखात माणसानं जवळच्या गावाची वेळ धरावी. खालू अदबीनं म्हणाले, “जवळचं गाव जळतंय, मौलवीसाहेब.” मौलवीसाहेबांनी एक जाडजूड किताब काढून पानं चाळली. मग म्हणाले, अशा माणसाला सवलत आहे, त्यानं आधी जीव वाचवावा, रोजे मागाहून भरून काढावेत. खालूंच्या चेहऱ्यावर मी एवढं समाधान कधी पाहिलं नव्हतं. परतताना ट्रकात ते म्हणाले, “वाचवावा म्हणाले ना? म्हणजे जीव आहे.”

टँकर धक्क्याला दोरांनी बांधून घेणाऱ्या टोळीचे खालू मुकादम होते, त्यामुळे बंदरातली प्रत्येक बोट त्यांच्या हाताखालून जायची. ती जपानला जाणारी असो की इटलीला, कोकणी, गोवेकर, मलबारी, जो सापडेल त्या खलाशाला ते यासीनसाठी निरोप द्यायचे. वणवा आम्हा कोकणातल्यांना काही नवा नाही. फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटतातच. तेव्हा निरोप असा: वाऱ्याच्या तोंडाशी उभा राहू नको, जळून गेलेल्या रानाच्या अंगाला राहा, आणि ओले टहाळे घेऊन कडेकडेनं झोडप. एका मलबाऱ्याला तर त्यांनी टहाळा कसा धरायचा ते माझा झाडू घेऊन करून दाखवलं. तो बिचारा मान डोलवत झाडूचे फटकारे चुकवत होता.

आणि दुसऱ्या हिवाळ्यात यासीन आला. अंगावर शहारा यावा असं काही घडलं नाही. एक टँकर लागला, शिडी टेकली आणि वाळलेला, खोकणारा एक माणूस बोचकं घेऊन खाली उतरला. डावी भुवई जळून साफ गेलेली. मी टाइमकीपर होतो, हजेरी घेत तिथंच उभा होतो. खालूंच्या हातातला दोर सुटला. एवढ्या दिवसांचा साठवलेला प्रश्नांचा ढीग, पण तोंडातून निघालं ते, “भुवई कुठं टाकून आलास?” यासीननं बोचकं खाली ठेवलं आणि शाळेतल्या पोरासारखा पाठ पुढं करून उभा राहिला. “मार, भाई,” म्हणाला. “एका बंदरात एका स्वैपाक्यानं निरोप दिला, मेसईदच्या मुकादमानं टहाळे काढून ठेवलेत, तुला झोडपणार आहे. म्हटलं, भाई जिवंत आहे आणि अजून रागावलाय. म्हणजे घर आहे आपल्याला. मिळेल त्या बोटीवर चढलो.” खालू रडले. चांगले मोठ्यानं, सगळ्या टोळीसमोर रडले, आणि आमच्यातही कोरड्या डोळ्यांचं कुणी नव्हतं.

रात्री जेवताना खालूंनी भीत भीत विचारलं, तिकडं गारठा फार होता का रे? यासीन म्हणाला, “गारठा कसला? दोन उन्हाळे आगीसमोर उभा होतो. मेसईद परवडलं.” सगळ्यांनी खालूंच्या मफलरकडं पाहिलं आणि बराक हसून लोळली. यासीनचा खोकला मात्र रात्रभर ऐकू यायचा. छातीत धूर बसलाय, असं डॉक्टर म्हणाला. कोकणातल्या हवेत निवळेल. खालूंनी नोकरीचा राजीनामा दिला. कंपनी रजा देत होती, साहेबानं समजावलं, पण खालू म्हणाले, आईनं आणून सोड म्हटलंय, टाकून ये म्हटलेलं नाही.

मुंबईची बोट तेव्हा दोह्याबाहेर खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून मचव्यानं जावं लागे. मी पोचवायला गेलो होतो. राजीनामा मंजूर होईपर्यंत पुन्हा उन्हाळा लागला होता, भर दुपारची वेळ होती. यासीन पुढं बसला, खालू मागं, भावाच्या पाठीवर हात ठेवून. मला वाटलं होतं, सुटलो एकदाचा त्या हवामानातून. मचवा निघाला. मी डोक्यावरची टोपी काढून हलवायला लागलो. बरंच लांब गेल्यावर खालू एकदम उभे राहिले, हाताचा कर्णा करून ओरडले, “बाबू, टोपी घाल, ऊन आहे.”

आखातातल्या उन्हाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलंच वाक्य. मी मान डोलावली, पण मचवा बोटीला लागेपर्यंत टोपी काही घातली नाही, हलवतच राहिलो.