भोंगाकाकांचे पहारेकरी

गावात त्यांना भोंगाकाका म्हणत. हे नाव त्यांच्या आवाजावरून पडलेलं नव्हतं, तो आवाज ज्यातून बाहेर येई त्या वस्तूवरून पडलेलं होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकावरच्या एका काचेच्या खोलीत काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे, हे ते तिथून माइकवर सांगत. उच्चार असा, की जणू प्रत्येक अक्षराला बसायला वेगळी खुर्ची दिली आहे. भोंगा मात्र फाटका होता. त्यातून जे काही बाहेर पडे ते ऐकून प्रवासी शेजारच्याला विचारत, "काय म्हणाला?" शेजारचा म्हणे, "कुणास ठाऊक, पण सगळे तिकडे पळतायत, चला." काकांना याचा पत्ता नव्हता. काचेच्या आत त्यांना स्वतःचं बोलणं उत्तम ऐकू येई.

निवृत्तीनंतर या उच्चारांना एकच गिऱ्हाईक उरलं, पण पक्कं. ते म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. ती दुसऱ्या गावी मुलाकडे राहायची. तिचे कान पार गेले होते. कानातलं यंत्र लावलं की नुसत्या शिट्ट्या वाजत, म्हणून ते डबीत पडून होतं. ओठांवरून बोलणं ओळखायला ती शिकली होती, पण घरात ओळखण्याजोगे ओठच नव्हते. मुलगा मिशीतल्या मिशीत बोले, सून आगगाडीसारखी बोले, आणि नातवंडं बोलताना मानच वर करत नसत. धाकट्या भावाचे ओठ मात्र तिला छापलेल्या पुस्तकासारखे वाचता येत. रविवारी सकाळी मुलगा तिच्यापुढे आपला टॅब्लेट उभा करून ठेवी. इकडे भोंगाकाका दाढी करून, टेबलावरचा दिवा तोंडावर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसत. "आठवड्यातून एकदाच मला ऐकू येतं," असं अक्का म्हणायची.

आणि नेमका तो कॉम्प्युटर मंदावला.

चित्र आधी अडखळायला लागलं, मग थांबून थांबून उड्या मारायला लागलं. काका एक वाक्य बोलत आणि अक्काला त्यातली दोन तोंडं दिसत, एक उघडं आणि एक मिटलेलं. "धाकट्या, तुझं तोंड असं का होतंय? डॉक्टरला दाखवलंस का?" ती घाबरून विचारी.

काकूंचं निदान धुळीचं होतं. त्यांनी खोकं उघडायला लावलं आणि आतला पंखा जुन्या टूथब्रशने स्वच्छ केला. पंखा चकचकीत झाला आणि पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडायला लागला. काकांनी नको ती चित्रं पुसली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, वायर काढून पुन्हा खोचली. शेवटी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं.

बाईंनी कोणती तरी तीन बटणं एकदम दाबून एक तक्ता पडद्यावर आणला. "हे बघा. प्रोसेसर शंभर टक्के."

"प्रोसेसर म्हणजे?"

"कॉम्प्युटरचं डोकं हो. सगळी कामं तिथे होतात."

"आणि तो शंभर टक्के काम करतोय? मग चांगलंच की. आमच्या डेपोत असा एकही माणूस नव्हता."

"काका, तुम्ही काहीच करत नसताना तो शंभर टक्के करतोय," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे व्हायरस पकडणारे तीन प्रोग्राम आहेत. एक पुरतो. एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला संशय येतो. तो बघायला गेला की तिसऱ्याला दोघांचा संशय येतो. दिवसभर हेच चाललंय. तुमच्या बहिणीचं चित्र हलवायला डोकं रिकामं कुठंय? यातले दोन काढा."

"कुठले दोन?"

"कुठलेही."

काकूंनी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो जरा आवाज करूनच. कारण कुठलेही दोन, असं म्हणायची सोय या घरात नव्हती. पहिला पहारेकरी काकूंच्या भावाने बसवला होता, कॉम्प्युटर घेतला त्या दिवशीच. दुसरा पुतण्याने. आणि तिसरा साक्षात जावयांनी, दिवाणखान्यात अर्धा दिवस बसून, जेवण थंड करून. तिघांनीही आपापल्या प्रोग्रामला पासवर्ड घातले होते, कुणी काढू नये म्हणून. त्यामुळे काढायचं तर ज्याने घातलं त्यालाच विचारणं आलं.

"जावयांना विचारायचं?" काकू हळू आवाजात म्हणाल्या. "की तुम्ही दिलेलं आम्हाला नको झालंय?"

काकांनी आधी मेहुण्याला फोन केला. मेहुणा पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "काढा की भावोजी. माझंच काढा. मी काय, परका माणूस." यानंतर काकूंनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ भावाची समजूत घातली. पुतण्या म्हणाला, "काका, खरंय, दोन जास्तच आहेत. बाकीचे दोन काढून टाका." मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, त्यांना सांगू नका हं. तुमच्या कॉम्प्युटरचं ते ऑफिसात सगळ्यांना सांगतात." तिघांनाही अडचण पटली होती. आपल्यामुळे ती आहे, एवढंच कुणाला पटलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "सगळंच पुसून नव्याने घालू का?"

"आणि मेहुण्याने येऊन पाहिलं तर?"

मेहुणा घरी आला की पायातल्या चपला काढायच्या आधी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं आपलं चिन्ह बघतो, हे काकांना ठाऊक होतं. बाई पिशवी उचलून निघून गेल्या. अशी घरं त्यांनी पाहिलेली असावीत.

मुलीने सांगू नका म्हटलं होतं खरं, पण स्वतःच सांगितलं. शनिवारी जावई आले. त्यांनी सगळा तक्ता शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "काढायचं कशाला? दुसऱ्यांनी हौसेने घातलेलं मी काढणं बरं दिसत नाही. मी तुम्हाला वेग वाढवणारा एक प्रोग्राम घालून देतो." असा चौथा आत आला. तो पहिल्या तिघांवर लक्ष ठेवायला लागला. काकूंनी जावयांना आग्रहाने जेवायला वाढलं. काका पंख्याचा आवाज ऐकत बसले.

रविवारी अक्का पडद्यावर आली. केस नीट विंचरलेले, पाठ ताठ. ती आज काहीतरी ठरवून आली होती.

"धाकट्या, ऐक," ती म्हणाली. तिचा आवाज तुटत तुटत का होईना, पण येत होता. "ही मंडळी मला एका वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतायत. चांगला आहे म्हणे, बाग आहे. मला काही नको ती बाग. तिथे कुणाचं बोलणं मला कळणार? मी तुझ्याकडे येऊ का? स्पष्ट सांग. नाही म्हणालास तरी चालेल."

काका म्हणाले, "ये." ते नुसतं एवढंच म्हणाले नाहीत. "आजच ये, तुझी खोली तयार आहे, ही पण म्हणतेय ये," असं सगळं ते म्हणाले, प्रत्येक अक्षराला खुर्ची देऊन. मागून काकूही डोकावून मान हलवत होत्या.

पण कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत काकांना स्वतःचं चित्र दिसत होतं, आणि ते थांबलेलं होतं. तोंड मिटलेलं. डोळे किंचित खाली, विचारात पडल्यासारखे. पडद्याच्या खालच्या बाजूला एक हिरवी पट्टी सरकत वर आली : तुमचा संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे.

अक्का थांबलेल्या तोंडाकडे बघत राहिली. काका ओरडले. ओरडून काय होणार होतं? त्यांनी माउस टेबलावर आपटला, कॅमेऱ्यापुढे हात हलवले. अक्काचा चेहरा हळूहळू समजूतदार होत गेला.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे. तुझ्याही घरच्या अडचणी असतील. मी आपलं विचारलं." आणि तिने मुलाला हाक मारून टॅब्लेट उचलायला सांगितलं.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर तो चारही पहारेकऱ्यांना एकेक करून उठवत बसला. काकांनी बटणांच्या मोबाइलवरून भाच्याला फोन लावला. "अक्काला सांग, ये म्हणालोय मी."

"मामा, ती म्हणाली मामा काहीच बोलला नाही," भाचा अवघडून म्हणाला. "आता मी सांगितलं तर तिला वाटेल, मी तुमच्या गळ्यात मारतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगाकाका पहिल्या गाडीने निघाले. बसस्थानकावर आता ध्वनिमुद्रित आवाज होता आणि भोंगा तोच होता. फलाट कुठला ते त्यांनाही कळलं नाही. सगळे पळत होते तिकडे ते पळाले.

दार अक्कानेच उघडलं. ते उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "चल. मी काल 'ये'च म्हणालो होतो. चित्र अडकलं होतं."

तिने ओठ पूर्ण वाचले. डोळे भरून आले. मग तिने आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. कान गेलेल्या माणसाला आवाज खाली आणणं कठीण असतं, पण तिने आणला.

"आता कसं रे? मी काल 'हो' म्हणून बसले. मुलाने तिथे कळवूनसुद्धा टाकलं. आणि सून लगेच बाजारात जाऊन तिथल्या माझ्या खोलीला पडदे घेऊन आली. निळे. किती हौसेने आणलेत तिने. आता नको कसं म्हणू?"

काका काही बोलले नाहीत. या वेळी चित्र वगैरे काही अडकलं नव्हतं.

आतून सून पडदे घेऊन आली, ते दोन्ही हातांनी उलगडून धरले आणि भराभरा काहीतरी विचारलं. अक्काला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिने भावाकडे पाहिलं.

"छान आहेत ना, असं विचारतेय," काकांनी सावकाश, स्पष्ट सांगितलं.

"छान आहेत," अक्का म्हणाली.