धवल्यासाठी बॅटरी

परशुराम कोळ्याला स्वतःच्या कानांचा भारी अभिमान. कंपनीत मशीनच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या घरात त्याने स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर होता आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. बायको सगुणा म्हणायची, "देवालाही एवढी जागा नाय दिली यांनी."

एक्याण्णव साली थोरल्या लेकीचं, रतनचं लग्न ठरलं, तेव्हा आईचे धवले टेप करायचेच, असं त्याने मनाशी पक्कं केलं. त्याची आई आवडाबाई म्हणजे खाडीकाठची नावाजलेली धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालायचे. नवरानवरीची नावं गुंफून ती धवला लावायची. पण मांडवाबाहेर एक ओळही ओठांवर आणायची नाही, हा तिचा नेम. आता तिला दम्याने घेरलं होतं आणि धाकटी भागीरथी अजून फ्रॉकमध्ये होती. पुढचा मांडव आईला दिसेल, असं परशुरामला वाटत नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यात वीज रोज तिन्हीसांजेला, नेमकी हळदीच्या वेळेला जायची.

म्हणून तो छोटा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नौपाड्यात गुरुदत्तच्या दुकानात गेला. गुरुदत्तकडे नवाकोरा इन्व्हर्टर आला होता. "काका, हाच घ्या. दिवे, पंखे, तुमचे ते राक्षस स्पीकर, सगळं चालेल."

परशुरामने टेपरेकॉर्डर इन्व्हर्टरवर लावला, चार वाक्यं टेप केली आणि कान लावून ऐकली. शब्दांमागे सारखी घूं घूं चालली होती.

"लग्नाच्या गोंगाटात कोणाला ऐकू येतंय ते!" गुरुदत्त हसला.

"माझ्या आईचा आवाज आता त्या घूंपेक्षा बारीक झालाय," परशुराम म्हणाला. "मला नुसती या इन्व्हर्टरची बॅटरी दे. हा सेलवर चालतो, म्हणजे बॅटरीवर थेट चालेल. मध्ये काही नको."

घरी मात्र रणकंदन माजलं. बॅटरीवर मोठे स्पीकर चालणार नव्हते. "वीज गेली तर हळदीला पोरं नाचतील कशावर? टाळ्यांवर?" सगुणा कडाडली. परशुरामचा भाऊ दाजी म्हणाला, "पैसे कशाला घातलेस? माझ्या होडीची बॅटरी होती की!"

"तुझी बॅटरी इंजिनाला एक धक्का देते आणि झोपते," परशुराम म्हणाला. "मला सबंध हळद पुरायला हवी." तो जरासुद्धा डगमगला नाही.

हळदीला ठरल्यासारखी वीज गेली. गाणं अर्ध्यावर मेलं, नाचणाऱ्यांचे पाय तसेच थबकले. "बघा, मी बोललेले!" सगुणाने ऐकवलंच. इतका वेळ स्पीकरसमोर तोंड मिटून बसलेल्या आवडाबाईने कंदिलाच्या उजेडात घसा खाकरला आणि धवला लावला. परशुरामने बटण दाबलं. आवाज कापत होता, पण सूर जागचा हलत नव्हता. मांडव चिडीचूप झाला. रतनला हळद लागली.

सगळे धवले झाल्यावर म्हातारी पाणी प्यायली आणि पुन्हा गायला लागली. या वेळी तिने भागीरथीचं नाव घेतलं.

बायका खुदखुदल्या. "अवं आत्याबाई, रतनची हळद हाय," सगुणा हळूच म्हणाली. आवडाबाईने ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याच्या नावापाशी तर ती गप्पच झाली आणि थोड्या वेळाने पुढे निघाली. पुढच्या कडव्यातही तसंच. आईचं भान सुटलं, या विचाराने परशुरामचं काळीज तुटलं. त्याचं बोट बटणावर गेलं. पण बॅटरी दमदार होती आणि आई गात होती. त्याने बोट मागे घेतलं.

वर्षभरात आवडाबाई गेली. मांडवाबाहेर धवला नाही, हा तिचा नेम परशुरामने कॅसेटलाही लावला आणि ती एकदाही वाजवली नाही.

नव्याण्णव साली भागीरथीची हळद आली. वीज होती, भाड्याचा साउंडही दणाणत होता. परशुरामने तो बंद करायला लावला. पोरं कुरकुरली, त्याने लक्षच दिलं नाही. त्याने टेपरेकॉर्डर मांडला. आधी रतनचे धवले झाले, मग पाण्याच्या भांड्याचा आवाज आला, आणि मग आईने भागीरथीला हाक मारावी तसं तिचं नाव घेतलं.

या खेपेला कोणी हसलं नाही. पाटावर बसलेली भागीरथी हळदभरल्या हातांनी डोळे पुसायला लागली. सूर नवऱ्याच्या नावापाशी आला आणि थांबला.

परशुरामला तेव्हा कुठे उमगलं. आई काहीच विसरली नव्हती. मांडव उभा होता तोवर तिने धाकट्या नातीचाही धवला गाऊन घेतला होता, आणि जावयाचं नाव माहीत नव्हतं म्हणून तेवढी जागा सोडली होती. त्या जागेत घूं घूं नव्हती, काहीच नव्हतं. आपण तेव्हा हट्ट केला ते बरं झालं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात ती जागा गेली आणि आई पुढे निघाली.

दुसऱ्या कडव्यात ती पुन्हा थांबली. या वेळी सगुणा तयार होती.

"सीताराम," तिने मोठ्याने जावयाचं नाव घेतलं, आणि सासूने पुढची ओळ उचलली.