भारताच्या दालनात माझं सारवण

आता हसू नका हं, आधीच सांगते! माझ्या हातून जो पराक्रम झाला, तो आमच्या बार्शीटाकळीत झाला असता तर शेजारणींनी शाबासकी दिली असती. पण झाला थेट इटलीत!

आमची शीतल चित्रकार. म्हणजे चित्रं काढत नाही, पण चित्रकार. तिथे जगभरातल्या कलेचं मोठं प्रदर्शन भरतं, देशादेशाचं वेगळं दालन. भारताच्या दालनात हिचं काम लागलं. पोरीचं सारं नशीब त्या एका दिवसावर टांगलेलं. मग आई नको का सोबत?

उद्घाटन संध्याकाळी, पण सकाळीच पोचलो. गळ्यात पास अडकवून शीतलनं मला दालनात बसवलं आणि म्हणाली, "आई, मी पाहुण्यायले घेऊन येते. तू कुठं जाऊ नोको."

पाहते तर काय, भिंती पांढऱ्याफेक! एक चित्र नाही, मूर्ती नाही. खाली नुसती काळी माती, उन्हाळ्यातल्या वावरासारखी उललेली. भेगा अशा की बोटं आत जातील!

मला वाटलं, सामान यायचंय अजून. आणि परदेशात जमीन सारवायला कोण मिळणार? आता तुम्हीच सांगा, पाहुणे दारात आणि अंगण उललेलं? लग्नघरी असं दिसलं तर लोक जन्मभर बोलतील!

खोचला पदर. दारावरच्या पहारेकऱ्याला खुणेनं बादली मागितली. गळ्यात पास, अंगावर साडी. त्याला वाटलं, कलाकार हीच! धावत पाणी आणलं. मी माती कालवली आणि हात फिरवत मागे मागे सरकत गेले. तो फोटो काढतोय, टाळ्या वाजवतोय! मला चेवच आला. एक भेग ठेवली नाही. पिशवीत रांगोळी होती, दाराशी कमळही काढलं.

तेवढ्यात शीतल आली. आणि अशी किंचाळली की शेजारच्या देशाच्या दालनातले लोक धावत आले.

"आई! काहून केलं व हे?"

"काहून म्हंजे? पाहुणे येऊन राह्यले, अन् जमीन कशी उलून पडली होती!"

"थ्या भेगाच तं दाखवाच्या होत्या मले! थेच तं माझं काम होतं!"

"भेगा? भेगा पाहाले लोक इमानात बसून येतात?"

"हो!"

मी बोटांवरची माती निरखून पाहिली. माती आमच्याच वावरातली, पोत्यांनी नेलेली. मी समजले होते, कुंड्यांसाठी नेतेय!

पोरगी मटकन खाली बसली. "आता मी लोकायले काय दाखवू, आई?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या हातांनी तिला वाढवलं, त्याच हातांनी तिचं वाटोळं केलं की हो!

मग काय धावपळ! कुणी पंखे आणले, कुणी मोठे दिवे, कुणी केस वाळवायची यंत्रं. पहारेकरीसुद्धा गुडघ्यावर बसून फुंकर मारतोय! मी कोपऱ्यात हात जोडून उभी. "बाप्पा, जमीन फाटू दे. पोरीचं काम होईल, अन् जमलं तं मलेही धरतीच्या पोटात जाऊ दे."

दुपार कलली आणि पहिली भेग पडली. मग दुसरी. मग चहूकडून! काळीच माती ती, सुकली की फाटणारच. शीतल गळ्यात पडून रडली. मीही रडून घेतलं.

संध्याकाळी नवी साडी नेसून ऐटीत दाराशी आले, तर त्याच पहारेकऱ्यानं हात आडवा घातला!

"शीतल, हा मले काहून अडवून राह्यला?"

"मीच सांगतलं त्याले. तू भाहेरच बस, आई."

बसले बाकावर. जपानचे, ब्राझीलचे, कुठले कुठले लोक खुशाल आत जात होते. माती आमच्या वावरातली, पोरगी माझ्या पोटची, दालन माझ्या देशाचं, आणि साऱ्या जगात बंदी कोणाला? तर एकट्या मला!