कुमुदताईंच्या थिएटरातली भीती

धुळ्यातलं नेत्रवैद्यकाचं शिक्षण संपवून मी जळगावला डॉ. कुमुदताईंच्या नेत्ररुग्णालयात रुजू झाले, त्या सकाळी त्यांनी विचारलं, "आजच्या शस्त्रक्रियेत तुम्हाला कशाची भीती वाटते?"

छाप पाडायच्या नादात मी म्हणाले, "कशाचीच नाही."

"मग आज बाहेर बसा."

मी तोंड पाडून बाहेर बसले. ताईंची रीतच तशी आहे. रुग्णाला आत घेण्याआधी नर्सपासून ताईंपर्यंत प्रत्येकाने आपली भीती बोलून दाखवायची. तिच्यावरचा उपाय ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

केराटोकोनस या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. ताई एकाच बैठकीत दोन उपचार जोडतात. आधी पडद्यात बारीक कड्या बसवून त्याचा आकार सावरतात, मग औषधाचे थेंब आणि अतिनील प्रकाश देऊन तो घट्ट करतात. माझ्या धाकट्या भावाला, गणेशला, हाच आजार निघाला. काय काय बिघडू शकतं ते मला नको तेवढं ठाऊक होतं.

आमचे वडील यावलहून त्याला घेऊन आले. त्यांनी थेट विचारलं, "डॉक्टरताई, माह्या पोराचा डोळा जाईन का?"

"जाऊ शकतो, आबा. म्हणूनच जपून करणार." एवढं सांगून ताई बराच वेळ त्यांच्याशेजारी बाकावर बसून राहिल्या.

ऑपरेशन थिएटरात भीती सांगायची माझी पाळी आली. "वरचा थर काढल्यावर पडदा फारच पातळ निघेल," मी कसंबसं म्हणाले. ताईंनी पडदा फुगवणारे थेंब तयार ठेवायला सांगितले. मग स्वतःची भीती सांगितली, "डोळा बिघडला, तर ही पोरगी पुन्हा माझ्या शेजारी उभी राहील का?" मला एकदम भरून आलं.

कड्या नीट बसल्या, पण पडदा खरोखरच पातळ निघाला. तसाच प्रकाश दिला असता तर आतल्या पेशी कायमच्या गेल्या असत्या. ताई थेंब घालत होत्या, जाडी मोजत होत्या, पुन्हा घालत होत्या. पडदा पुरेसा जाड भरला, तेव्हाच त्यांनी दिवा लावू दिला.

तो डोळा वाचला. गणेश आता केळीच्या बागेत एकटा मोटारसायकलवर जातो.

आज ताईंच्या साठीनिमित्त सगळे आनंदात आहेत, मी मात्र धास्तावलेलीच आहे. परवाच्या तपासणीत गणेशचा दुसरा डोळाही बिघडत चाललेला दिसला. ताई, प्रकृती ठणठणीत ठेवा, हात असेच स्थिर राहू द्या, शंभरी गाठा. पुढच्या आठवड्यात आबा त्याला घेऊन येत आहेत, आणि मी तुमच्या शेजारी उभी राहणार आहे.