आईनं पाहिलेली गर्दी

टोळांना जीव लावणारा माणूस साऱ्या निजामी मुलखात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला. टोळधाड उभी ज्वारी खाऊन गेली की लोक कपाळाला हात लावून बसत. आमचे आतोबा मात्र मागे राहिलेले टोळ धोतराच्या सोग्यात गोळा करून सेलूच्या घरी आणत. ते सरकारी शाळेत मास्तर होते. ओसरीवर काचेच्या बरण्यांत ओली वाळू भरून त्यांनी टोळांचे संसार मांडले होते. "लोणच्याच्या बरन्या हायत त्या! किडे कशाला घालायलात?" असं आत्या रोज ओरडे, आणि आतोबा रोज नव्या उत्साहानं तिला समजावत, "अगं, दाटीत वाढलेली मादी अंडी कमी घालती, पण मोठी घालती. लेकरासंगं शिदोरी जास्त बांधून देती. अन् तिची पिलं निघत्यात काळी, बिथरलेली. एकटीची पिलं हिरवी, निवांत. पिलानं जग पाह्यलेलंच नसतं, पण आईनं पाह्यलेली गर्दी त्याच्या अंगावर उतरती!" एकदा तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचे साहेब शाळा तपासायला आले असताना आतोबांच्या खिशातला टोळ उडून थेट त्यांच्या रुमी टोपीवर बसला. हिरवा आहे हुजूर, निवांत बसेल, असं आतोबांनी अदबीनं उर्दूत सांगितलं.

निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षी आमच्या खेड्यातली घरं जाळली गेली आणि मी आत्याकडे येऊन राहिले. ताई, म्हणजे आतोबांची एकुलती लेक, बाळंतपणाला आधीच आलेली होती. तिला सातवा लागला होता. तिचा नवरा लढ्यातल्या मंडळींबरोबर हद्दीपलीकडे, वऱ्हाडातल्या छावणीत होता. एके दुपारी निरोप आला, की हद्द ओलांडताना गोळी लागून तो गेला. ताई आत झोपली होती. आतोबांनी निरोप्याला दारातूनच परत पाठवलं, आत्याला आणि मला परसात नेलं आणि म्हणाले, "बाळंत होईस्तोवर तिला कळता कामा न्हाई. आईचा घोर पोटात उतरतो. रडायचं तर गोठ्यात जाऊन रडा."

तेव्हापासून त्या घरात हसण्याची सक्ती सुरू झाली. जेवताना आतोबा टोपीवाल्या साहेबांची नक्कल करत, ताई पोट धरून हसे. मग आत्या पाणी आणायच्या निमित्तानं गोठा गाठी. सकाळी ताईची वेणी घालून कुंकू लावायचं काम आत्याचं. "माझ्याच्यानं होत न्हाई गं," ती एकदा चुलीपाशी मला म्हणाली. ते ऐकून आतोबांनीच करंडा हातात घेतला. जन्मात कुणाला कुंकू न लावलेला तो माणूस रोज लेकीसमोर मांडी घालून बसे आणि रोज तिरपंच लावी.

"नाना, वाकडं लावायलात!"

"तुझं नाकच वाकडं हाय, मी काय करू?"

आम्हीही हसायचो. मधूनच ताई विचारी, "ह्यांचा काही निरोप कसा न्हाई?" आतोबा तिच्याकडे न बघता म्हणत, "रस्ते बंद हायत, बाई."

ताईला मुलगी झाली. बारसं उरकल्यावर आतोबांनी तिला सांगितलं. ती मुलीला पाजत होती. तिनं पाजणं थांबवलं नाही. पोरीवरचा पदर सारखा करत म्हणाली, "इतके दिस मी त्यांची वाट पाह्यली, नाना. तुमी मला रडू बी दिलं न्हाई."

"पोरीसाठी केलं गं."

"मी बी तुमचीच पोर हाय ना?"

आतोबा उठून ओसरीवर टोळांच्या बरण्यांपाशी जाऊन बसले.

नात मोठी हसरी निघाली. शेजारपाजारचे म्हणत, आजोबांवर गेली. आतोबा मान खाली घालत. ताई त्यांच्याशी कामापुरतंच बोले. पोर खळखळून हसली की आतोबा चोरून ताईच्या तोंडाकडे बघत, आणि उठून अंगणात निघून जात. एकदा लेकीच्या हसण्यानं ताईच्याही ओठांवर हसू आलेलं मी पाहिलं. आतोबा तेव्हा नेमके अंगणात होते.