आभाळातला बंकट

उद्या बंकटचं वर्षश्राद्ध. नेकनूरजवळच्या त्यांच्या धनगरवस्तीची रीत अशी, की वर्ष सरलं की गेलेल्याची घोंगडी दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर द्यायची. म्हणून आज उतरत्या उन्हात त्याची बायको मनकर्णा तीच घोंगडी डोक्यावरून घेऊन, हातात त्याची काठी धरून खळ्यावर उभी होती. पांढऱ्या मातीवर पडलेल्या आपल्याच सावलीकडं टक लावून.

हा खेळ बंकटचा. रानात पोरं जमली की सुरू व्हायचा. "माझ्या सावलीच्या डोस्क्यात बघा बे! पापणी लवली की बाद! हां, आता वर!" पोरं वर बघायची, तर निळ्या आभाळात झाडाएवढा पांढरा मेंढका उभा! मनकर्णेला त्यानं कितींदा बोलावलं. ती म्हणायची, "आन् मेंढरं काय तो आभाळातला वळील?"

आता तिला बघायचं होतं, तर डोळेच भरून यायचे. डोळा भरला की सावली फिसकटायची, आणि वर नुसतंच आभाळ.

"कावून गं, काठी घेऊन पाटीलकी मिळाली का?" मागून गीताक्का. बंकटची थोरली बहीण, श्राद्धाला आलेली. अंगानं, आवाजानं बंकटच.

मनकर्णेनं लाजत सगळं सांगितलं.

"अगं येडे, काळं बघून डोळा शिणतो, मग पांढरं दावतो. दुसरं काय न्हाई."

"म्हाईत हाय, आक्का. पण उद्या घोंगडी जाईल."

गीताक्कानं पदर खोचला. "आण इकडं. तुझी सावली म्हंजे तुराटी. त्यात बंकट कुठला मावतोय?" घोंगडी पांघरून, काठीवर रेलून ती एका पायावर उभी राहिली, बंकट राहायचा तशीच. खाकरली अन् त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मनकर्णेऽऽ, च्या झाला का? का दूध आणाया अंबाजोगाईला गेलतीस?"

मनकर्णा खळखळून हसली. रडू मागं राहिलं. तिनं सावलीच्या डोक्यात नजर रोवली. "हलू नका, आक्का." आणि मग वर पाहिलं.

होता. एका पायावर, पांढरा, लई उंच. तोंड तेवढं नव्हतं. नीट बघावं तर बाजूला सरकायचा, मेंढरांमागं निघाल्यागत. मग विरू लागला.

"थांबा की जरा," मनकर्णा आभाळाकडं बघत म्हणाली.

आपल्याला न्हाई म्हणत, हे गीताक्काला कळलं होतं. तरी पोटरीत गोळा येईस्तोवर ती तशीच उभी राहिली.